“डोकं मात्र शाबूत असतं हो!”

मोटर न्यूरॉन डिसीजचे नाव निघाले की हे वाक्य येतेच. हातपाय जातात, वाचा जाते, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत! पुरावा म्हणून स्टीफन हॉकिंग. २१व्या वर्षी निदान, ७६व्या वर्षी मृत्यू आणि मध्ये सगळे विश्वाचे गणित. पण एका उदाहरणावरून नियम? सातवीच्या मुलांनाही मी हे करू देत नसे.

शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६९ मध्ये या आजाराचे वर्णन केले. तेव्हापासूनचा हा समज अजून सुटत नाही. खरे तर जवळपास निम्म्या रुग्णांच्या विचारशक्तीत किंवा वागण्यात फरक पडतो. दहातल्या एखाद्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाही होतो. २००६ मध्ये या दोन्ही आजारांत टीडीपी-४३ हे एकच प्रथिन साचलेले सापडले. आता एमआरआयमध्ये काही रुग्णांच्या मेंदूत, जिथून हालचालीचे हुकूम सुटतात त्या पट्ट्यात, काळी रेघ दिसते. ते लोह. मेंदूची साफसफाई करणाऱ्या पेशींत साठलेले. ते रोगाचे कारण की रोगाने मागे ठेवलेली राख, हे अजून ठरायचे आहे.

(हे वाचून कृपा करून कुणाच्या ताटातला पालक बंद करू नका. लोह ओढून घेणारे डेफेरिप्रोन पार्किन्सनच्या नव्या रुग्णांना देऊन पाहिले. २०२२ मध्ये निकाल आला, औषध घेणाऱ्यांची लक्षणे उलट जास्त बिघडली.)

आमच्या शाळेतल्या गणिताच्या एका सरांना हा आजार झाला. मायाळू माणूस, पण हट्टी झाले, वहिनी रडल्या तरी ढिम्म, गोड मात्र अधाशासारखे मागत. डॉक्टरांनी सांगितलेले, डोकं शाबूत आहे. म्हणजे मग हे सगळे ते मुद्दाम करतात, असाच अर्थ होतो ना? वहिनी तसेच धरून बसल्या. सर गेले, तरी त्यांच्या मनातून ते गेले नाही.

शिवाय पोटात नळी घालायची का, श्वासाचे यंत्र लावायचे का, घराच्या कागदावर सही कुणाची, हे सगळे त्याच डोक्याला विचारायचे असते. ते तपासायला नको?

एडिंबरा विद्यापीठात तयार झालेली ईसीएएस नावाची चाचणी आहे. पंधरा-वीस मिनिटे लागतात. हात चालत नसेल तर तोंडी, वाचा गेली असेल तर लिहून उत्तरे देता येतात, आणि वागण्याबद्दल घरच्यांना वेगळे विचारतात. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हाच नातेवाइकांनी विचारावे, ही चाचणी कधी करणार?