ट्राउट म्हणजे आपला कोणता मासा?

अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ ही 1925 साली प्रसिद्ध झालेली कथा वर्गात शिकवताना मला दरवर्षी एकच अडचण येते. कथेत वरकरणी फारसे काही घडत नाही. निक नावाचा तरुण नदीकाठी तंबू ठोकतो, सकाळी दवाने जड झालेले टोळ पकडून बाटलीत भरतो आणि दिवसभर ट्राउट मासे धरतो. युद्धाचा उच्चारही न करता युद्धाने पोखरलेले मन कसे दाखवले आहे, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगता येते. मात्र ज्या माशाभोवती हे सारे मौन रचले आहे, तो ‘थंड पाण्यात राहणारा एक मासा’ एवढ्या तळटिपेत उरकावा लागतो. काही वर्षांपूर्वी घोडेगावच्या पश्चिमेकडून आलेला एक विद्यार्थी उभा राहिला. “सर, ट्राउट म्हणजे आपला कोणता मासा?” तो आपल्याकडे नसतो, असे मी सांगितले. तरी तो खाली बसेना. “आमच्याकडं टोळ लावून खडस धरायचे, असं आजोबा सांगतात. आता कणकेच्या गोळीला चिलापी लागते.” वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो.

त्या हसण्याबद्दल मला आज लिहायचे आहे.

माझे उत्तर माहिती म्हणून बरोबरच होते. ट्राउट हा भारतात आणलेला मासा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरीच्या थंड प्रवाहांत रुजवला. पाणी वीस अंशांच्या फार वर तापले की तो तग धरत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील कुकडी, पुष्पावती, मीना, घोड या नद्या एके काळी उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरत. अशा पाण्यात ट्राउट शोधणे व्यर्थ आहे. परंतु विद्यार्थ्याचा प्रश्न प्राणिशास्त्राचा नव्हता. कथेत ट्राउटची जी जागा आहे, त्या जागी आपल्या नदीत आणि आपल्या भाषेत कोण आहे, असे तो विचारत होता. त्याचे उत्तरही त्याच्याच जवळ होते: खडस. म्हणजे महाशीर. खळाळ जिथे डोहात कोसळतो, दोन ओढे जिथे मिळतात, तिथे हा मासा प्रवाहाला तोंड देऊन उभा असतो. पावसाळ्याच्या पुरात तो अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. गळाला लागल्यावर पहिल्याच धावेत दोरीचा मोठा हिस्सा ओढून नेतो, असे त्याच्या नादी लागलेले लोक सांगतात. त्याच्यासाठी कुणी चकाकता धातूचा चमचा पाण्यात फिरवतो, कुणी पिठाचा गोळा लावतो. कावेरीवरचे गळवाले रागीचा गोळा वापरत. रागी म्हणजे आपली नाचणी, आंबेगावच्या डोंगरउतारावरचे मुख्य पीक. एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ (1873) या पुस्तकात महाशीरला विलायती सामनच्याही वर बसवले आहे.

या माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. त्यातील ‘खुद्री’ हा शब्द लॅटिन नव्हे. कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला आणि 1839 मध्ये अनेक जाती प्रथमच नोंदवल्या, त्या वेळी त्याने बऱ्याच माशांची नावे इथल्या माणसांच्या तोंडून उचलली. त्याच्या यादीतला सीनघाला म्हणजे आपला शिंगाळा. अळकुटी तर जशीच्या तशी आहे. नुक्ता मला तरी उघड नकटा वाटतो. त्या माशाचे नाकाड पाहिले की शंका राहत नाही. खडची, खडस ही नावे आणि खुद्री यांचे नाते कानाला सहज पटते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची. म्हणजे एक इंग्रज मराठी शब्द वेचत होता त्याच काळात दुसरा मराठी मासे वेचत होता, आणि नकळत तोही शब्दच वेचत होता. मोल्सवर्थ आपण भाषेच्या इतिहासात शिकवतो. साइक्सचे नाव मराठीच्या वर्गात ऐकल्याचे मला आठवत नाही.

साइक्सच्या यादीतला एक शब्द आपल्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सेचा धडा म्हणून शिकवावा, असा आहे. ‘मुसुल्ला’ या माशाची नोंद त्याने शिरूरजवळच्या घोड नदीतून केली. हीच घोड भीमाशंकर-आहुपे परिसरात उगम पावून आंबेगावातून खाली येते. पुढे अभ्यासकांनी हे नाव दूर दक्षिणेत कावेरीतल्या मदार असलेल्या प्रचंड महाशीरला लावले आणि ते कित्येक दशके तसेच चालले. मूळ नोंद पुन्हा तपासून साइक्सचा मुसुल्ला महाशीरच नव्हे, असा निर्वाळा 2013 मध्ये देण्यात आला. कावेरीच्या त्या माशाला टॉर रेमादेवी हे नाव 2018 मध्ये मिळाले, आणि तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर उभा होता. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत दख्खनच्या खुद्रीचेही नाव घेतले जाते. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीजप्रकल्पाच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून खुद्रीची पैदास होत आली, तिचे बीज अनेक राज्यांत गेले. कावेरीत सोडलेली खुद्री तिथे चांगलीच फोफावली. म्हणजे आधी घोडेच्या काठचे नाव कावेरीवर गेले आणि मग दख्खनचा मासा. एखाद्या अभंगाची नाममुद्रा चुकीने दुसऱ्या संताच्या नावे चढावी आणि मूळ कवी विस्मृतीत जावा, तसा हा प्रकार.

आता आपल्या साहित्याकडे वळू. मराठी कवितेत मासा नाही असे कोण म्हणेल? पाण्यावाचून तळमळणारी मासोळी संतकाव्यात पदोपदी भेटते. पण ती कोणती मासोळी? तिला जात नाही. (ती धरणाऱ्याला मात्र आहे, आणि तिचा विसर आपल्या समाजाने त्याला कधी पडू दिला नाही.) भक्तिकवितेला जीव आणि जीवन यांचे नाते हवे होते, अळकुटी की वाम, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. ते समजण्यासारखे आहे. आधुनिक गद्याला मात्र ही सबब चालत नाही. तिथेही ‘त्याने गळाला मासा लावला’ एवढ्यावर काम भागते. भुईवरच्या प्राण्यांना व्यंकटेश माडगूळकर मिळाले. पक्ष्यांना मारुती चितमपल्ली मिळाले; नवेगावबांधच्या काठच्या माणसांकडून त्यांनी शब्द जमवले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. सह्याद्रीच्या गोड्या पाण्यातल्या माशाला असा लेखक मिळाला नाही.

याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधू नये. आयझॅक वॉल्टनच्या 1653 सालच्या ‘द कम्प्लीट अँगलर’पासून इंग्रजीत जी गळाची गद्यपरंपरा आहे, ती मोकळा वेळ असणाऱ्यांची परंपरा आहे. तिथे मासा धरणारा आणि लिहिणारा एकच. आपल्याकडे धरणारा ठाकर, कातकरी, कोळी. लिहिणारा कुणी तिसराच, आणि अनेकदा मासे न खाणारा. म्हणून मराठीतही एखादा वॉल्टन व्हावा, जुन्नरच्या धरणांवर हौशी गळवाल्यांची रिसॉर्टे निघावीत आणि त्यांतून ललितगद्य बहरावे, ही अपेक्षा मला पोकळ वाटते. हौसेतून आलेली परंपरा उसनी आणता येत नाही. इथे माशाचे ज्ञान पोटाशी बांधलेले आहे आणि ते तसेच वाचले पाहिजे.

‘कोळी’ हा शब्दच पाहा. पु. ल. देशपांडे यांनी ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा अनुवाद केला आणि त्याला ‘एका कोळियाने’ हे नाव दिले. बालपणी ऐकलेला जाळे विणणारा कोळी आणि समुद्रावरचा म्हातारा कोळी, दोघे एका शब्दात आले. नाव सुंदर आहे यात वाद नाही. पण त्या शब्दाला तिसरा अर्थ आहे आणि तो जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला राहतो. महादेव कोळी हे डोंगरचे शेतकरी. भात, नाचणी, वरई, हिरडा हे त्यांचे जगणे. पावसाच्या आरंभी चढणीचे मासे धरावेत, ओढ्यात खेकडे शोधावेत, एवढाच माशांशी संबंध. नावाने कोळी, धंद्याने नव्हेत. घोड नदीवर डिंभे धरण झाले, जुने आंबेगाव पाण्याखाली गेले, शेते गेली. तालुका अजून त्या बुडालेल्या गावाचेच नाव लावतो. धरणाच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव मिळाले; ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आणि ज्यांची शेते त्या पाण्याने गिळली, त्यांना जगण्यासाठी त्याच पाण्यात जाळी टाकावी लागली. शब्दाचा अर्थ माणसांना असा येऊन गाठतो, हे मी कोणत्याही अर्थविचाराच्या पुस्तकात वाचलेले नाही.

हे पाणी त्यांना आयते मिळाले नाही. जलाशयातली मासेमारी ही ठेक्याची वस्तू. ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती ठेका. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेबरोबर विस्थापित आदिवासींनी दीर्घकाळ लढा दिला, स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था उभी केली, मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या साहाय्याने पाण्यातल्या पिंजऱ्यांत मासे वाढवण्याचे शिक्षण घेतले. 2012 मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. वाढवायचे मासे अर्थात रोहू, कटला, मृगळ. हे मूळ गंगेच्या खोऱ्यातले, पण बाजार त्यांना ओळखतो. खडस वर चढायची ती वाट भिंतीने अडवली आहे. ज्याने घर चालते तो मासा परका म्हणून नाक मुरडणे आपल्याला शोभत नाही. तरीही खडस गेल्याचे दुःख खरेच आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. आपल्या चर्चेत मात्र बहुधा एकच उरते.

या नव्या धंद्याबरोबर नवे शब्दही आले. माशाच्या अगदी बारीक पिलांना मत्स्यजिरे म्हणतात, बोटाएवढी झाली की बोटुकली. सरकारी परिभाषेची आपण इतकी थट्टा करतो, पण ‘बोटुकली’ हा शब्द कुणा कवीला सुचला असता तर त्याने तो मिरवला असता. इंग्रजीचा आधार घेऊनही तो पूर्ण मराठी झाला आणि जाळीवाल्यांच्या तोंडी बसला. दुसरीकडे जुने शब्द वेगाने जात आहेत. गेळफळ कुटून पाण्यात टाकले की मासे गुंगतात. कोणत्या पाण्यात, किती, आणि कोणत्या दिवसांत ते टाकू नये, याची एक पूर्ण भाषा होती. आता घरात टिकले आहे ते गेळफळाचे नाव, आणि तेही औषध म्हणून. मासा गेला की त्याच्या धरण्याची क्रियापदे जातात. नाम एखाद्या कोशात अडकून राहते. क्रियापदाला तेवढाही आसरा नसतो.

तो विद्यार्थी पुढे पदव्युत्तर वर्गात आला. आपल्या गावच्या आजोबांच्या पिढीकडून मासे, गळ, आमिषे, जाळी, डोह आणि चढण यांचे शब्द जमवायचे, प्रत्येकाबरोबर तो वापरणाऱ्याचे एक पूर्ण वाक्य नोंदवायचे, साइक्सच्या यादीशी ताडून पाहायचे, असा लघुप्रबंध त्याने मांडला. मी मार्गदर्शक म्हणून सही केली. ‘विषय प्राणिशास्त्राचा आहे’ असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. त्याच बैठकीत हेमिंग्वेच्या निसर्गचित्रणावरचा एक प्रस्ताव विनाचर्चा मंजूर झाला. त्यात ट्राउट होता, आणि तो वाङ्मयीन होता.

प्रस्ताव आम्ही पुन्हा पाठवत आहोत. शीर्षकात ‘बोलीचा अभ्यास’ हे शब्द घातले आहेत, बाकी काही बदललेले नाही. दरम्यान मुलाने काम सुरू केले आहे. आजोबांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि पावसाळा तोंडावर आहे. चढणीचे शब्द त्यांना त्या दिवसांतच आठवतात, असे तो म्हणतो.