झोपेचं तिकीट

‘नुसतं झोपायचे एवढे पैसे?’ आईचा पहिला प्रश्न. मी तिला लॅपटॉपवर बिझनेस क्लासची सीट दाखवत होते, बटण दाबलं की पलंग होणारी. तीन वर्षं लाइट बिलापासून किराण्यापर्यंत सगळं एकाच क्रेडिट कार्डावर स्वाइप केलं, ते यासाठीच. आईला जपान बघायचाय, आणि गुडघे रात्रभर दुमडून बसायला तयार नाहीत.

फंडा सिम्पल आहे. दिल्लीहून टोकियो थेट विमानाने साधारण आठ तास. येताना दीड-दोन तास जास्त, कारण वरचे पश्चिमी वारे जाताना पाठीशी असतात आणि येताना तोंडावर. पण जाताना रात्र, येताना दिवस. म्हणून पॉइंट्स फक्त जाताना उडवायचे. येताना इकॉनॉमीच, पण जास्तीचे पैसे भरून पाय पसरता येतील अशी सीट. साकुरा सोडला, मार्चअखेरीस अख्खं जग तिकडे धावतं. नोव्हेंबर ठरवला, लाल पानांचा. उतरायचं हानेदाला, नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब.

सीट मॅप बघितल्याशिवाय बुक करू नका. १-२-१ असेल तर प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं. २-२-२ असेल तर बहुतेकदा खिडकीवाल्याने मध्यरात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. बिझनेस क्लासचे पैसे मोजून! आणि आईसारखं शुद्ध शाकाहारी कोणी असेल तर ‘एव्हीएमएल’ हे जेवण आधीच नोंदवा. जपानी पदार्थात नुसत्या भाज्या दिसल्या तरी दाशी नावाच्या रश्शात बहुतेकदा वाळवलेला मासा असतो.

इथवर सगळं सही. मग वाट लागली. दोन सीट्स दिसत होत्या, म्हणून मी कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनच्या माइल्समध्ये वळवले. पोचायला तीन दिवस लागले, तोवर एक सीट गेली. वळवलेले पॉइंट्स कार्डावर परत येत नाहीत. आधी फोन करून सीट होल्डवर ठेवता येते का विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं. वर टॅक्स आणि फ्युएल सरचार्ज खिशातूनच.

आता आई पुढे, मी मागे.

‘मी एकटी पुढे काय करू गं?’

‘झोप.’

दोन दिवस गप्प होती. काल म्हणाली, ‘चकल्यांचा डबा तुझ्याच बॅगेत ठेव. त्यांचं जेवण नाही आवडलं तर मागे येईन.’