विश्लेषण : कप्पी काही इंच सरकवल्याने शिडाच्या नौकेचा वेग कसा बदलतो?

नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या.

अशी नौका थेट वाऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. ती नागमोडी वळणे घेत पुढे सरकते. तेव्हा पुढच्या शिडाचा दोर ज्या कप्पीतून ओवलेला असतो, तिची जागा निर्णायक ठरते. शिडावर वाऱ्याच्या बाजूला लावलेल्या धाग्यांपैकी वरचे आधी फडफडले, तर कप्पी पुढे घेतात. खालचे फडफडले, तर मागे. सोसाट्याच्या वाऱ्यात ती मुद्दाम मागे नेतात. मग शिडाचा वरचा भाग मोकळा होतो, जादा वारा निसटतो आणि नौका कमी कलते.

जागा चुकली, तर वेग घटतो, अंतर वाढते. नौकेवर दोघीच असतील, तर हा जादा ताण थेट त्यांच्यावरच पडतो.