पाणी किती आणि पाण्यात काय?

मे महिना आला की मुंबईत नालेसफाईची चर्चा सुरू होते. किती टन गाळ काढला याचे आकडे प्रसिद्ध होतात (ते कितपत विश्वसनीय, हा स्वतंत्र विषय आहे), आणि पहिल्या जोरदार सरीनंतर पाणी कोठे किती तुंबले याकडे सर्वांचे लक्ष वळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस अनुभवलेल्या शहराला पाण्याच्या परिमाणाची धास्ती वाटावी, हे स्वाभाविकच आहे. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी २५ ऐवजी ५० मिलिमीटर पाऊस सामावणाऱ्या पर्जन्यजलवाहिन्यांची शिफारस केली. २०२० साली पुराचा पूर्वअंदाज देणारी संगणकीय यंत्रणाही आली. या साऱ्यात पाणी किती, याचा हिशेब आहे. त्या पाण्यात काय विरघळले आहे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

गाळ दिसतो, म्हणून तो काढता येतो. टायर झिजून पडणारे जस्त, ब्रेकच्या घर्षणातून सुटणारे तांबे, छपरांच्या पत्र्यांवरून निथळणारा जस्ताचा मुलामा यांचा जो अंश पाण्यात विरघळतो, तो जाळीत अडकत नाही की तळाशी बसत नाही. रस्त्यावरून वाहणारा पाण्याचा थर बहुधा काही मिलिमीटरांचाच असतो. खाली डांबर वा सिमेंट असल्याने तो मुरत नाही आणि पाहता पाहता गटारात, तेथून खाडीत पोहोचतो. नाल्यांत सांडपाणीही मिसळते हे खरे. परंतु एका घाणीने दुसरी झाकली जाते, एवढाच त्याचा अर्थ.

या प्रवासाचे गणित नवे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये तयार करविलेले पर्जन्यजलाचे प्रतिमान आजही कोणालाही विनामूल्य मिळते. त्यातील कल्पना साधी आहे: कोरड्या दिवसांत प्रदूषके साचतात आणि पावसात शिल्लक साठ्याच्या प्रमाणात धुऊन जातात. पण धुण्याचा वेग कोणता? ताशी अर्धा इंच या गतीने तासभर पाणी वाहिले तर ९० टक्के मळ जातो, असे त्या वेळी चक्क गृहीत धरण्यात आले. १९७२ मध्ये सार्टर आणि बॉइड यांनी अमेरिकी शहरांतील रस्त्यांवरची धूळ तपासली, तेव्हा वजनाने जेमतेम ६ टक्के असलेल्या अतिसूक्ष्म धुळीत निम्म्याहून अधिक जड धातू आढळले. ही धूळ झाडूच्या हाती लागत नाही.

असे परदेशी गुणांक मुंबईला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. जेथे दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पाऊस पडतो, तेथील साठा आणि ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत जवळजवळ कोरड्या राहणाऱ्या शहरातील साठा एक कसा असेल? अर्थात आठ महिन्यांचा साठा आठपट होतो असेही नव्हे. वारा आणि वाहने त्यातला बराच उडवून नेतात, आणि काही काळाने वाढ मंदावते. ती कोठे मंदावते, हे येथल्या रस्त्यावर मोजूनच कळेल.

मोजल्याने काय साधते, याची उदाहरणे आहेत. सिअ‍ॅटल परिसरातील ओढ्यांत कोहो सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत. टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरात घातलेल्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारे द्रव्य त्यामागे असल्याचे २०२० मध्ये सिद्ध झाले. तत्पूर्वीच्या प्रयोगांत मातीच्या थरातून गाळलेल्या रस्त्याच्या पाण्यात हेच मासे जगले होते. कॅलिफोर्नियात ब्रेकमधील किती तांबे सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जाते, याचे प्रतिमान उत्पादक, शासकीय अधिकारी आणि पर्यावरणवादी यांनी मिळून तयार केले. त्यानंतर २०१० च्या कायद्याने ब्रेक-पॅडमधील तांबे २०२५ पर्यंत अर्ध्या टक्क्यावर आणण्याचे बंधन घातले.

मुंबईत यासाठी नवे महामंडळ नको. दहा-बारा नाल्यांच्या मुखांशी, पहिल्या सरीच्या पहिल्या तासात, दर पाच मिनिटांनी एक बाटली भरावी आणि त्या वेळचा प्रवाहही मोजावा. जस्त आणि तांबे तपासू शकणाऱ्या प्रयोगशाळा शहरात आहेत, आणि हे काम आनंदाने करतील असे विज्ञानाचे विद्यार्थीही आहेत. महापालिकेने त्यांना परवानगी द्यावी आणि येणारे आकडे गाळाच्या टनांशेजारी छापावेत.