पन्नास रविवारांची वही

वाचकहो, दिवाळी अंकात बचतीचा विषय काढणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उभे राहून पथ्याची यादी वाचून दाखवण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. तरी यंदा काढतोच. कारण संकल्पांचा हंगाम हाच असतो. फराळाचे डबे भरलेले असतात, बोनस झालेला असतो (निदान काहींचा), आणि पाडव्याच्या दिवशी घरातले कोणीतरी म्हणतेच, "पुढच्या दिवाळीपर्यंत इतके बाजूला टाकायचेच!" तुळशीच्या लग्नापर्यंत हे वाक्य घरात फिरत असते. संक्रांतीला ते कोणी आठवून दिले तर आपण हसतो. होळीला आठवण देणाऱ्याचा राग येतो.

या बाबतीत मला बोलायचा थोडासा अधिकार आहे. नोकरीची सारी वर्षे मी पोस्टाच्या खिडकीच्या आतल्या बाजूने काढली. होतो कारकूनच, निवृत्त झाल्यावर वैजापुरातल्या आमच्या गल्लीने मला 'पोस्टमास्तर' करून टाकले आणि ही बढती मी मुकाट्याने स्वीकारली आहे. खिडकीतून पैसे दिसत नाहीत, माणसे दिसतात. आवर्ती ठेवीचे, म्हणजे आपल्या 'आर. डी.'चे, गिऱ्हाईक दोन तऱ्हांचे. एक स्वतः येणारे. ते पहिले तीन महिने एक तारखेला येत, मग दहाला, मग 'या महिन्यात राहूनच गेले हो' म्हणत. दुसरे स्वतः कधीच न येणारे. त्यांची पासबुके दोरीने बांधून एजंटबाई आणत. १९७२ पासूनची ही महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना. बाई घरोघर जाऊन हप्ता घेते, पोस्टात भरते आणि कमिशन मिळवते. त्या गठ्ठ्यातली पासबुके क्वचितच मागे पडत. हे लोक काही जास्त शहाणे नव्हते, श्रीमंत तर नव्हतेच. फरक एवढाच, की महिन्याच्या ठरलेल्या दिवशी त्यांच्या दारात कोणीतरी उभे राहत असे, आणि 'आज नाही' हे त्या बाईच्या तोंडावर म्हणावे लागे. स्वतःला 'आज नाही' म्हणायला काय लागते?

हे हेरले आहे ते अनेकांनी. उडुपीत १९२८ साली एका बँकेने (पुढे तीच सिंडिकेट बँक झाली) रोजचे दोन आणेसुद्धा घरी येऊन न्यायला माणूस ठेवला आणि 'पिग्मी' हा शब्द आपल्या बाजारपेठांत घुसला तो घुसलाच. तिकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ मध्ये नाताळासाठी दर आठवड्याला थोडेथोडे ठेवण्याचा क्लब काढला. अशा क्लबांत व्याज फार थोडे किंवा शून्यच, आणि मधेच पैसे काढायला आडकाठी. तरी ते देशभर पसरले. हिशेबी माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण वर्षाच्या बचतीत व्याज ते केवढे? महिना १,००० रुपयांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव केली आणि दर साडेसहा टक्के धरला, तर १२,००० वर सव्वाचारशेच्या आसपास व्याज पडते. एका हॉटेलच्या जेवणाचे पैसे! एका वर्षाच्या बचतीत माणूस व्याजासाठी टिकत नाही. तो कशासाठी टिकतो, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या गल्लीने २०२३ च्या दिवाळीनंतर एक दिवाळी फंड काढला, त्याची वही माझ्याकडे आली. दिवाळीनंतरचा पहिला रविवार १९ नोव्हेंबरचा. तिथून पुढच्या दिवाळीआधीच्या २७ ऑक्टोबरपर्यंत मोजले तर बरोबर पन्नास रविवार भरतात. रविवारी २४० रुपये, म्हणजे पन्नास रविवारांचे १२,०००. चौदा घरे होती. जी भिशी आपण सारे जाणतो, चिठ्ठी काढून दरमहा एकाने उचलायची, ती आम्ही मुद्दाम केली नाही. त्या भिशीत पहिला नंबर लागला तो प्रत्यक्षात कर्ज घेतो आणि वर्षभर फेडत बसतो. बचत होते ती शेवटचा नंबर लागलेल्याची. आम्हाला सगळ्यांनाच शेवटचा नंबर हवा होता. पैसे तिघांच्या नावाच्या बँक खात्यात, काढायला दोघांच्या सह्या. पतसंस्थेत टाका, दोन टक्के जास्त मिळतील, असे एकाने सुचवले होते. पण बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला २०२० पासून विम्याचे जे संरक्षण आहे ते पतसंस्थेला लागू नाही, आणि त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात एका पतसंस्थेचा घोटाळा उघडकीस येऊन ठेवीदार रस्त्यावर आले होते. कोणी फार आग्रह धरला नाही.

वहीत मी एक रकाना जास्त आखला: 'कशासाठी'. यावरून थोडी चेष्टा झाली. पण ही कल्पना मला माझ्या आजीकडून मिळालेली आहे. वैजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. इकडे हाली सिक्का, आणि शीव ओलांडून येवल्याला गेले की कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. आजीकडे दोन डबे असत. हालीचा डबा रोजच्या मीठमिरचीचा. कलदाराचा डबा येवल्याच्या बाजाराचा, म्हणजे लग्नातल्या लुगड्यांचा. कलदाराचे हाली करून रोजच्या खर्चाला वापरता आले असते, नाही असे नाही; पण ती म्हणायची, "ते येवल्याचे पैसे आहेत." पैशावर गावाचे नाव पडले की हात आपोआप आखडतो. दिलीप सोमण आणि अमर चीमा या दोन प्राध्यापकांनी भारतातल्याच मजूर कुटुंबांवर प्रयोग करून २०११ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. बचतीचे पैसे बंद पाकिटात वेगळे ठेवायचे, आणि काही पाकिटांवर घरातल्या मुलांचे छायाचित्र. छायाचित्राच्या पाकिटांतली बचत जास्त टिकली. आजी हे वाचून म्हणाली असती, त्यात काय एवढे?

चौदांपैकी अकरांनी रकाना भरला. मुलीची सायकल, पंढरपूर, दाराला जाळी, आईचे दात, असे काय काय. मागच्या आळीत शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी आहेत, त्यांनी लिहिले, 'पिको-फॉलचे मशीन'. आजवर त्या पिको करायला साड्या बाजारात दुसऱ्याकडे देत आणि निम्मी मजुरी तिकडे जाई.

फंड सुरू होऊन तीन रविवार झाले आणि ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरातल्या वाचकांना ती भाजीच्या भावाची बातमी. वैजापूरला तसे नाही. इथे पगारदाराचा महिनाही शेवटी मोंढ्यावर चालतो. कांद्याचा भाव पडला की आधी शेतकऱ्याचा हात आखडतो, मग कापडवाल्याचा, मग शिवणाऱ्या बाईचा. मला वाटले, आता फंड बुडाला. पण नवल असे, की त्या डिसेंबरात एकही घर गळाले नाही. संकट सर्वांना दिसत होते; प्रत्येकाने कंबर बांधली. दोन-तीन घरांचा एखादा हप्ता चुकला, तो 'खाडा' म्हणून लिहिला. खाड्याचा नियम आम्ही पोस्टाकडून उचललेला. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत चुकलेल्या हप्त्याला शंभरामागे महिना एक रुपया दंड देऊन तो भरता येतो. चार हप्ते चुकले आणि मुदतीत भरले नाहीत तरच खाते बंद पडते. फार शहाणपणाचा नियम आहे हा. ज्या संकल्पात एकदाही चुकायला जागा नाही, तो एकदा चुकला की संपतो. 'मोडलाच आहे, तर जाऊ दे' असे माणूस म्हणतो. चार खाडे हाताशी असले की तोच माणूस म्हणतो, 'अजून तीन आहेत.'

गळती लागली ती नंतर, काही विशेष न घडता. होळीला पहिले गृहस्थ गेले. यांनी उत्साहाच्या भरात पाच वाटे घेतले होते, रविवारी १,२००. रकान्यात काय लिहिले होते? काही नाही. "एकदम मोठी रक्कम हाती आली की सुचेल," असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना त्याआधीच दुसरे काही सुचले. दुसरे घर मेमध्ये, तिसरे जूनमध्ये शाळा उघडताना. या तिसऱ्याबद्दल मी बोलणार नाही, वह्या-पुस्तकांपुढे कोणाचे चालते? आरंभाचा उत्साह ओसरलेला आणि शेवट अजून दिसत नाही, असे हे मधले दिवस सर्वांत कठीण. त्यावर आमच्या घरातून तोड निघाली. पंचविसाव्या रविवारी सर्वांना चहा-चिवड्याला बोलवा आणि प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचा, असे आमच्या सौभाग्यवतींनी फर्मावले. योगायोग पाहा: निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली आणि आमचा पंचविसावा रविवार होता ५ मे. चिवड्याला त्या दिवशी निराळीच चव होती. सहा हजार, सहा हजार, पाच हजार सातशे साठ, असे आकडे मी वाचत गेलो. आपला आकडा शेजाऱ्याच्या कानांनी ऐकला की तो खरा वाटायला लागतो.

श्रावण लागला त्या आठवड्यात शिवणकामवाल्या वहिनींचे यजमान संध्याकाळी आले. गृहस्थ सरळ आहेत, उगाच काही वाईट समजू नका. म्हणाले, "पोस्टमास्तर, हिचे जमले असतील तेवढे द्या. हातउसने घेतले होते, माणूस दारात बसतो." जमले होते ८,६४०. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि म्हटले, "आबा, पैसे तुमच्याच घरचे आहेत. पण इथे सही वहिनींची आहे. त्यांना रविवारी येऊ द्या." त्यांनी रकाना वाचला, काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले.

रविवारी वहिनी आल्या. मी विचारले, "काय करायचे?" त्यांनी वही स्वतःकडे ओढली, 'मशीन' या शब्दावर बोट ठेवले आणि थोडा वेळ तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "अण्णा, आजचा खाडा लिहा. काढू नका." आधीचे दोन, हा तिसरा. हातउसने कसे फिटले हे मी विचारले नाही. पुढचे दोन महिने त्यांच्या खिडकीत रात्री उशिरापर्यंत दिवा दिसे एवढे खरे. २७ ऑक्टोबरला त्यांना ११,२८० मिळाले. तीन खाडे काही भरून निघाले नाहीत. नवे मशीन त्यात बसेना. कोपरगावहून जुने, पण चालते आणले. आता आळीतल्या साड्या बाजारात जात नाहीत.

एक शेवटची गोष्ट, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या मोबाईलवर ती आलेली असेल. बावन्न आठवड्यांची युक्ती: पहिल्या आठवड्यात १० रुपये, दुसऱ्यात २०, असे चढत शेवटच्या आठवड्यात ५२०, वर्षाचे १३,७८०. ऐकायला मोठी गोड. पण दिवाळीनंतर सुरू केलीत तर मोठे हप्ते कधी येतात ते पाहा. शेवटच्या तेरा आठवड्यांत ५,९८० रुपये भरायचे, आणि ते तेरा आठवडे म्हणजे श्रावण, गणपती, नवरात्र! पहिल्या तेरा आठवड्यांत मात्र, जेव्हा उत्साह उतू जात असतो, तेव्हा अवघे ९१०. ही युक्ती काढणाऱ्याच्या घरी गौरी बसत नसाव्यात. तिला उलटी करा: पहिला हप्ता ५२० चा, मग दर आठवड्याला दहा कमी. बेरीज तीच, आणि सणांच्या दिवसांत हप्ता शे-सव्वाशेच्या खाली.

यंदा आम्ही उतरता हप्ताच ठरवला आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला वही उघडेल. घरे बहुतेक तीच. होळीचे गृहस्थ या खेपेस एकच वाटा घेत आहेत. शिवणकामवाल्या वहिनींनी आपला रकाना आधीच भरून ठेवला, 'मोठीचे कॉलेज' म्हणून. शेजारच्या मास्तरांचा अजून कोरा आहे. रविवारपर्यंत सांगतो म्हणाले.