लेन्स संपते तिथे पाय सुरू होतात

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बार्नेगटचं जुनं दीपगृह आहे, १८५९ सालचं. त्याच्या पायथ्यापासून मोठमोठ्या दगडांचा एक लांबलचक बांध समुद्रात गेलाय. भर जानेवारीत, शहाणी माणसं घरात हीटर लावून बसलेली असतात तेव्हा, आम्ही काही वेडे या दगडांवरून तोल सावरत चालत असतो. कशासाठी, तर हार्लेक्विन नावाच्या बदकांसाठी. निळसर राखी अंग, त्यावर पांढरे पट्टे, कुशीला विटकरी रंग. कुणीतरी निगुतीने रंगवून पाण्यात सोडल्यासारखा नर. आणि हा पठ्ठ्या राहतो कुठे, तर लाटा दगडांवर आपटून फुटतात नेमक्या तिथे.

या बांधावर ट्रायपॉड काही कामाचा नाही. शेवाळलेले दगड, मधे पाय अडकतील एवढ्या फटी, वर वारा. तीन पाय टेकवायला जागा शोधेपर्यंत बदक बुडी मारून पलीकडे निघालेलं असतं. त्यामुळे इथे लेन्स हातातच धरावी लागते. माझी १५०-६०० ची आहे, जवळजवळ दोन किलोची. कॅमेरा धरून वजन तीन किलोच्या आसपास जातं. पहिल्या हिवाळ्यात घरी परतल्यावर मला चहाचा कपसुद्धा उचलवत नव्हता.

हातात धरून काढलेला फोटो म्हणजे दुय्यम, असं मानणारी मंडळी अजून आहेत. मला ते पटत नाही. डावा हात लेन्सच्या खाली, टोकाकडे. दोन्ही कोपरं छातीला चिकटलेली. एक पाय किंचित पुढे. अर्धा श्वास सोडायचा आणि मग बटण दाबायचं, दाबायचं म्हणजे हलकेच पिळायचं. ६०० मिलिमीटरला शटर निदान १/१००० ला ठेवायचं, पक्षी उडत असेल तर १/२००० किंवा त्याहून जास्त. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. हल्लीच्या लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सांभाळून घेतं, पण पक्ष्याची हालचाल काही थांबवत नाही, हे अनेकांना शंभरेक फोटो वाया गेल्यावर कळतं. मला तीनशे लागले.

इतपत सगळं ठीक. पण हातातल्या लेन्सची एक खोड आहे आणि तिच्याविषयी आपण फार बोलत नाही. ट्रायपॉड माणसाला एका जागी बांधून ठेवतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला मात्र पाय असतात, आपलेच. झूमची कडी ६०० वर जाऊन अडते, पक्षी चौकटीत अजून लहानच दिसतो, आणि पाय आपोआप एक पाऊल पुढे पडतं. मग अजून एक. खरं तर एवढी लांब लेन्स आपण घेतो ती दूर राहता यावं म्हणून. हातात आली की मात्र तीच लेन्स घेऊन आपण जवळ जायला लागतो.

हे मी दुसऱ्यांबद्दल सांगत नाहीये. दीपगृहाजवळ उभं राहिलं की खाडीच्या मुखापलीकडे आयलंड बीचची वाळूची पट्टी दिसते. काही हिवाळ्यांत तिथे आर्क्टिककडून हिमघुबडं येतात. अशाच एका हिवाळ्यात मला तिथे एक दिसलं. वाळूच्या टेकडीवर, गवताच्या आडोशाला, डोळे अर्धवट मिटून बसलेलं. दिवसा बराच वेळ ते असंच बसून असतं. मी लांबून वीसेक फोटो काढले. मग पाच पावलं. मग दहा. घुबडाने डोळे पूर्ण उघडले, मान ताठ केली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. याचा अर्थ मला माहीत होता. पुस्तकात वाचला होता. तरी मी अजून दोन पावलं टाकली.

ते उडालं. पंख पसरून, माझ्या अगदी समोरून. मी बोट दाबून धरलं होतं. पुढच्या मिनिटाला कुठून तरी सीगल आले आणि त्याच्या मागे लागले. पार दूर, पाण्याच्या कडेपर्यंत त्यांनी त्याला हाकललं. त्या फोटोला मला आयुष्यातले सगळ्यात जास्त लाइक्स मिळाले. ‘काय टायमिंग साधलंयस!’ असं पुण्याच्या मित्राने लिहिलं. टायमिंग कसलं, मीच उडवलं होतं त्याला.

त्या घुबडाचं माझ्यामुळे काही बरंवाईट झालं असेल, असा माझा दावा नाही. दक्षिणेकडे येणारी हिमघुबडं उपासमारीने मरायला टेकलेली असतात ही समजूत सरसकट खरी नाही. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ती या किनाऱ्यावर मोठ्या संख्येने आली होती. तेव्हा अभ्यासकांना त्यातली बरीचशी तरुण आणि धडधाकट आढळली. पण दिवसभरात माझ्यासारखे दहा जण आले तर? शनिवार-रविवारी तेवढे येतातच. प्रत्येकाला वाटतं, मी एकदाच तर उडवलं.

गेल्या भारतभेटीत उजनीच्या पाणवठ्यावर, भिगवणला गेलो होतो. पहाटेची वेळ, होडी, माझ्यासोबत शाळकरी भाचा. उथळ पाण्यात फ्लेमिंगोंचा मोठा थवा माना खाली घालून, चोची उलट्या करून चिखलपाणी गाळत होता. होडीवाल्या दादांनी वल्हं थांबवलं आणि अगदी सहज विचारलं, “उडवू का, साहेब?”

मी काही बोलायच्या आत भाचा म्हणाला, “मामा, उडताना घे ना!”

त्याचंही बरोबरच होतं. पंखांच्या आतला तो लाल आणि काळा रंग उडतानाच दिसतो. अग्निपंख हे नाव काय उगाच पडलंय? आणि दादांना तरी काय दोष द्यायचा? आमच्यासारखे साहेबच त्यांना तसं सांगतात, आणि थवा उडाला की खूश होऊन वर शंभर-दोनशे काढून देतात. मी म्हणालो, “नको दादा. आपण थांबू.” ते जरा चकित झाले, पण थांबले. अर्ध्या तासाने थव्यातले सात-आठ पक्षी आपले आपण उठून पलीकडच्या बेटाकडे गेले. तेवढेच मिळाले. भाच्याची रील काही झाली नाही. दादांना मी थवा उडवल्याबद्दल देतात तेवढेच पैसे थांबल्याबद्दल दिले. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी एवढं जरी केलं तरी ‘उडवू का’ हा प्रश्न हळूहळू मागे पडेल, असं मला वाटतं.

आता मी माझ्यापुरतं ठरवलंय. पक्षी जे करत होता ते करायचा थांबला, की मी थांबतो. पुढे तर जायचं नाहीच, दोन पावलं मागे यायचं. उरलेलं काम क्रॉप करून होतं. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तरी सहा मेगापिक्सेल उरतात, ए-फोर आकाराची छपाई झकास होते. आणि मुळात आपल्यातले किती जण फोटो छापतात? बघतात ते सगळे फोनवर.

जागा मात्र मी आता कुणाला सांगत नाही, विशेषतः घुबडाची. यावरून इथल्या मराठी मंडळातले दोन मित्र माझ्यावर रुसलेत. रुसू देत.

पुढे एका हिवाळ्यात आयलंड बीचवर पुन्हा एक हिमघुबड दिसलं. ६०० वर जेवढं आलं तेवढं घेतलं आणि परत फिरलो. मी गाडीत बसेपर्यंत ते तसंच डोळे मिटून होतं. संध्याकाळी फोटो आईला पाठवला. सगळी वाळू, गवत, राखाडी आकाश. तिचा लगेच मेसेज आला, “छान आहे रे. पण यात घुबड कुठंय?”

लाल बाण काढून परत पाठवला.