दुकान टाकायच्या आधी चार घरांचे गळके नळ दुरुस्त करून बघा



ट्रेनिंगला आलेली दहापैकी आठ मुलं पहिला प्रश्न एकच विचारतात. "सर, लोन कुठून मिळेल?" धंदा कोणता, गिऱ्हाईक कोण, ते नंतर. आधी लोन, मग दुकान, मग दुकानावर मोठा फ्लेक्स. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चंद्रपूर-गडचिरोलीत आज ज्याच्या हातात काम आहे त्याला दुकानाची गरज नाही, आणि ज्याच्या हातात काम नाही त्याला दुकान वाचवू शकत नाही.

मी बोलतोय घरदुरुस्तीबद्दल. गळका नळ, ओली भिंत, दार न लागणं, कूलर बंद पडणं, फुटलेले कवेलू. हा धंदा म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात. "सर, ग्रॅज्युएट आहो मी." अरे भाऊ, पण तुझ्याच घरचा फ्लश तीन महिन्यांपासून गळतोय आणि प्लंबर "उद्या येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. त्या "उद्या"मध्येच तुमचा धंदा आहे.

चंद्रपूर शहरात वीज केंद्र आहे, आजूबाजूला कोळसा खाणी, सिमेंट कारखाने. पगारदार माणूस, भाड्याचं घर, नवरा-बायको दोघंही कामावर. त्यांना स्वस्त माणूस नको आहे, सांगितलेल्या वेळेला येणारा हवा आहे. गडचिरोलीकडे गोष्ट वेगळी. तिथे गाव दूर, घरं मातीची, कवेलूची, आणि आता घरकुलाची पक्की घरं वाढलीत. पक्कं घर आलं म्हणजे नळ आला, वायरिंग आलं, टाकी आली. ते बिघडणारच. दुरुस्त करणारा मात्र तालुक्याच्या गावी बसलेला.

आता पैसा कधी असतो ते बघा, कारण या धंद्याचं कॅलेंडर पुण्या-मुंबईसारखं नाही. मार्चपासून कूलर. आपल्याकडे पारा 46-47 पर्यंत जातो, त्यामुळे हे काम थांबत नाही: ग्रास बदला, पंप बदला, टाकीचा गंज काढा. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे हातात येतात आणि मृग तोंडावर असतो, म्हणजे छताची कामं. कवेलू फेरणं, माकडांनी फोडलेले बदलणं, टिनाच्या पत्र्याचे स्क्रू आणि त्याखालचे रबरी वॉशर बदलणं. (पत्रा गळत नाही हो, बहुतेक वेळा वॉशर गळतो. उन्हानं कडक होऊन तडकलेला असतो.) मग धान निघाल्यावर पुन्हा पैसा येतो. आणि मंडई! गावात मंडई, रात्री झाडीपट्टीचं नाटक, घरोघरी पाहुणे. पाहुणे यायच्या आधी संडासाचं दार लागलं पाहिजे, हे प्रत्येक घरातल्या ताईला वाटत असतं. दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच तिला विचारून ठेवा.

भामरागडकडच्यांना एक खास सांगणं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गाव तुटतं. त्या काळात अर्धा इंची नळाचा स्पिंडल, वॉशर, टेफ्लॉन टेप, सोल्युशन, कूलर-मोटरचा कपॅसिटर, बल्बचे होल्डर एवढं ज्याच्या पेटीत आहे तोच मिस्त्री. सामान जूनच्या आधी भरून ठेवा.

आता ओल. यावर थोडं थांबतो, कारण इथे मी स्वतः फसलोय. माझ्या घरच्या भिंतीला ओल आली. एकानं पापुद्रे खरवडले, पुट्टी मारली, रंग दिला. पावसाळाभर टिकलं नाही. दुसऱ्यानं वॉटरप्रूफ म्हणून महागडा रंग मारला. तोही फुगला. दोघांनाही पैसे दिले. तिसरा आला, त्यानं ब्रश काढलाच नाही. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावला आणि म्हणाला, "उद्या येतो." आणि खरंच आला. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला होते, म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. बाहेरच्या बाजूला असते तर हवेतलं दमट समजायचं. मग रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खडूनं खूण केली. सकाळी पातळी खाली. पलीकडच्या बाथरूमचा पाइप गळत होता. आजही माझ्या ओळखीत कुणाला काम असलं की मी त्या तिसऱ्याचाच नंबर देतो.

भेगांचंही तसंच. वरोरा-भद्रावतीकडे काळी माती आहे, उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि भिंत तिच्यासोबत हलते. खाणीजवळच्या गावात लोक ब्लास्टिंगचं नाव घेतात. कारण काहीही असो, भेग दिसली की लगेच सिमेंट भरू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारा, तारीख लिहा, महिन्यानं या. भेग रेघेच्या पुढे गेली असेल किंवा रुंद झाली असेल तर ते काम तुमचं नाही, इंजिनिअरला दाखवायला सांगा. हो, काम गेलं. जाऊ द्या. छत खाली आल्यावर गावात तुमचंच नाव निघणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, कूलर. पत्र्याची बॉडी, आत पाणी, बाजूला ओली फरशी, आणि थ्री-पिनची जाड पिन तोडून टू-पिन बोर्डात घुसवलेली. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात या करंटनं माणसं मरतात, लेकरं मरतात. माझं मत पक्कं आहे: अर्थिंग तपासल्याशिवाय कूलर चालू करून द्यायचा नाही. काकू म्हणतील, "अरे बाबा, मागच्या वर्षी तर असाच चालला." तरी नाही. पाणी भरताना आधी प्लग काढायला दाखवा, बोर्डाला अर्थिंग नसेल तर तसं बिलावर लिहा, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. मात्र नवीन वायरिंग आणि मीटरकडचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. तुम्हाला त्यात उतरायचं असेल तर आधी आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री ट्रेड करा.

आता भाव कसा सांगायचा? इथेच मुलं मार खातात. "द्या काय द्यायचं ते" हा भाव नाही. समजा दिवसाला 800 रुपये घरी न्यायचे आहेत. पेट्रोल 100, हत्यारांची झीज आणि फोनचे 50. झाले 950. आठ तास बाहेर राहिलात तरी हात चालतो पाच तास, बाकी जाण्यायेण्यात. म्हणजे तासाला 190 रुपये. आता दहा मिनिटांच्या वॉशरसाठी सात किलोमीटर जाऊन 30 रुपये घेतले तर तुम्ही तोट्यात. म्हणून येण्याचे पैसे वेगळे आणि फोनवरच सांगायचे. सामानाचं बिल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, त्यात कमाई लपवायची नाही. आणि एकाकडे गेलात की विचारा, "काकू, अजून कुठे काही गळतंय, अडकतंय का?" दुसरं काम तिथेच निघतं, पेट्रोल तेच.

लोनवाल्यांनाही नाराज करत नाही. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000, मग आधी 1 लाख आणि नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजानं. पण नीट ऐका, त्यातल्या 18 कामांत सुतार आहे, गवंडी आहे, कुलूपवाला आहे, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नाही. एका कुटुंबातून एकालाच मिळते. बांबूकडे ओढा असेल तर चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, एकदा जाऊन या. सागवान वापरत असाल तर पावतीचाच घ्या. जंगलातून आलेला स्वस्त सागवान दाराला लावून दिला आणि चौकशी आली, तर गिऱ्हाईकही अडकतं आणि तुम्हीही.

उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, सरकारी फी शून्य. कुणी नोंदणीची फी म्हणून हजार रुपये मागत असेल तर उठून या. त्या हजारात टेस्टर, पाइप पाना, पक्कड आणि मीटर टेप येतो. तेवढं घ्या आणि या रविवारी आपल्याच गल्लीतल्या चार घरी विचारा. कुणी काय सांगितलं, किती पैसे ठरले, ते मला कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच हिशोब घेऊन बसू.